एक नाव, तीन लेखने : सामायिक ड्राइव्हच्या व्यवहाराचे भाषाशास्त्रीय परीक्षण

भिन्न कार्यप्रणालींवर चालणाऱ्या संगणकांनी नेटवर्कवरून एकच ड्राइव्ह कसा वापरावा, हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हाती घ्यावा याचे काही वाचकांस नवल वाटेल. हे काम यंत्रज्ञांचे. आपला संबंध फाइल उघडण्यापुरता, अशी आपल्या विभागांतून सर्वसाधारण समजूत असते. काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रस्तुत लेखकाचीही तीच समजूत होती. परंतु या विषयावर जे लिहिले आणि बोलले जाते त्यात 'भाषा', 'बोली', 'दुभाषी', 'संवाद' हे आपल्या शास्त्रातील शब्द इतक्या सढळपणे येतात, की हे उसने घेतलेले शब्द नव्या घरी कोणते काम करतात ते पाहणे आपणांस भाग आहे. माझे मत असे झाले आहे की, त्यांतील काही रूपके फलदायी आहेत, एक तरी फसवे आहे, आणि जेथे प्रश्न खरोखरच भाषेचा आहे तेथे कोणाला भाषाशास्त्राची आठवणही झालेली नाही.

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात सांगतो. दुसऱ्या संगणकावरील फाइल आपल्याच संगणकावर असल्यासारखी वापरता यावी यासाठी आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ च्या सुमारास जी रीत आखली तिला पुढे 'सर्व्हर मेसेज ब्लॉक', संक्षेपाने एसएमबी, असे नाव मिळाले. मायक्रोसॉफ्टने ती उचलली व वाढवली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये युनिक्ससाठी एनएफएस ही वेगळी रीत काढली. अॅपलची स्वतःची तिसरी होती. पण २०१३ मध्ये अॅपलनेही आपल्या संगणकांसाठी एसएमबीलाच पहिली पसंती दिली. लिनक्सकडे हे काम 'सांबा' नावाची प्रणाली करते. म्हणजे एखाद्या विभागात विंडोज, मॅक आणि लिनक्स अशी तिन्ही यंत्रे शेजारी शेजारी असली, तर ती आज बहुधा एसएमबी या एकाच रीतीने परस्परांशी व्यवहार करतात. 'दोन कार्यप्रणाली दोन वेगळ्या भाषा बोलतात आणि सांबा हा त्यांचा दुभाषी आहे' हे जे वाक्य प्रास्ताविक पुस्तकांतून हमखास भेटते, ते येथेच डळमळू लागते. तारेवर भाषा एकच आहे. मग व्यवहार अडतो तो कोठे?

त्याकडे वळण्यापूर्वी 'बोली' या शब्दाचा समाचार घेतला पाहिजे. एसएमबीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांना त्या क्षेत्रात अधिकृतपणेच 'डायलेक्ट' म्हणतात. संबंध जुळण्याच्या पहिल्याच क्षणी मागणी करणारा संगणक आपणांस येणाऱ्या बोलींची यादी पाठवतो आणि सर्व्हर तीतील एक निवडतो. पहिल्या पिढीत ही यादी शब्दशः नावांची असे. सर्व्हर उत्तरादाखल फक्त निवडलेल्या बोलीचा यादीतील क्रमांक कळवी. यांतील 'एनटी एलएम ०.१२' हे नाव तर त्या पिढीच्या अखेरपर्यंत तसेच चालले. बेळगावच्या बाजारात गिऱ्हाईक आणि दुकानदार पहिल्या दोन वाक्यांत मराठी, कन्नड की हिंदी हे ठरवतात, त्याची आठवण करून देणारा हा प्रकार आहे, आणि तेवढ्यापुरते रूपक शोभते. परंतु बाजारात निवड ठरते ती ओळख, प्रतिष्ठा, सौजन्य, क्वचित हट्ट यांनी. येथे नियम एकच : दोघांस येणाऱ्यांपैकी सर्वांत नवी ती घ्यावयाची. आपल्या शास्त्रात बोली या एकाच काळी शेजारी नांदतात व कोणतीही बोली दुसरीची सुधारलेली आवृत्ती नसते. अ. मा. घाटगे यांच्या सर्वेक्षणमालेतील 'कुडाळी' (१९६५) वाचून ती प्रमाण मराठीची जुनी आवृत्ती आहे असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. यंत्रज्ञ ज्यांना बोली म्हणतात त्या वस्तुतः कालक्रमाने रचलेल्या अवस्था आहेत. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने पहिल्या पिढीतील उणिवेचा फायदा घेऊन जगभर हाहाकार उडवला, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीत ती पिढी मुळातून बसवणेच बंद झाले. तेवढीच एक पिढी जाणणारी कित्येक जुनी स्कॅनर यंत्रे व संचयपेट्या त्यामुळे एकाएकी मुक्या झाल्या. बोली अशी आज्ञेने मरत नाही. निदान इतक्या लवकर मरत नाही.

दुसरे रूपक मात्र मला अत्यंत मोलाचे वाटते. सांबाचे जनक अँड्र्यू ट्रिजेल हे १९९१ च्या अखेरीस कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधक विद्यार्थी होते. आपल्या युनिक्स यंत्रावरील फाइली डॉसवर चालणाऱ्या यंत्रास दिसाव्यात एवढीच त्यांची गरज होती. दोन यंत्रे परस्परांस काय पाठवतात ते टिपून त्यांनी अनुकरण करणारा सर्व्हर लिहिला व जानेवारी १९९२ मध्ये तो इतरांस वापरावयास दिला. आपण ज्याचे अनुकरण केले ती एसएमबी होय, हे त्यांना नंतर कळले. भाषेचे नाव ठाऊक नसता भाषा शिकल्याचे हे उदाहरण आहे. ('सांबा' या नावाचीही एक गंमत आहे. आधीचे नाव दुसऱ्या कंपनीच्या व्यापारचिन्हाशी जुळू लागले, तेव्हा स, म, ब ही अक्षरे याच क्रमाने ज्यांत येतात असे शब्द त्यांनी यंत्रातील कोशात शोधले, आणि त्यांतून ब्राझिलच्या या नृत्याचे नाव निघाले. व्यंजनांचा सांगाडा ठेवून स्वर भरण्याची ही रीत सेमिटिक भाषांच्या अभ्यासकास ओळखीची वाटेल.)

आपल्या पद्धतीला ट्रिजेल यांनी पुढे एका टिपणात 'फ्रेंच उपाहारगृहाची पद्धत' म्हटले. कोश नाही, व्याकरण नाही, शिक्षक नाही; तेव्हा फ्रान्समधील उपाहारगृहात बसावे, गिऱ्हाईक काय म्हणते आणि त्यानंतर टेबलावर काय येते याची नोंद करीत राहावे, म्हणजे कालांतराने पाव आणि कॉफी यांचे शब्द कळतात. निवेदकाशी सामाईक भाषा नसताना करावयाचा क्षेत्रीय अभ्यास तो हाच. त्यावरील आक्षेपही आपणांस परिचित आहे : १९६० मध्ये क्वाइन यांनी दाखवून दिले की, नुसत्या निरीक्षणावरून शब्द आणि वस्तू यांची जोडी निश्चित होत नाही; तेथील माणसाला प्रश्न विचारून त्याचा होकार-नकार घ्यावा लागतो, आणि तरीही संदिग्धता उरतेच. ट्रिजेल यांना हा आक्षेप तत्त्वज्ञानातून नव्हे, कामातून सुचला असावा. कारण त्यांच्या पद्धतीचा दुसरा भाग उपाहारगृहात बसून राहण्याचा नाही. शक्य त्या सर्व मागण्या, अगदी कोणी कधी केलेल्या नाहीत अशाही, एकामागून एक पाठवून पाहावयाच्या आणि सर्व्हर कोणत्या प्रकारची चूक दाखवतो त्यावरून व्याकरण ताडावयाचे. तसेच एकच यादृच्छिक मागण्यांची माळ मायक्रोसॉफ्टच्या आणि स्वतःच्या सर्व्हरला देऊन दोघांची उत्तरे कोठे फाटतात ते शोधावयाचे. निवेदकापुढे जाणूनबुजून अव्याकरणिक वाक्य ठेवून त्याची प्रतिक्रिया टिपणे, ही जी रीत रचनावादी पिढीने संकोचाने आणि पुढील पिढीने उत्साहाने वापरली, तीच ही. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस क्षेत्रीय अभ्यासाची पद्धत शिकवताना मी हे उदाहरण आता नेहमी देतो. निवेदक न कंटाळणारा असला म्हणजे काय साधते, ते त्यातून दिसते. आणि व्याकरणाची अधिकृत पोथी? युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ही माहिती खुली करण्याचा आदेश दिला, २००७ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सांबाच्या मंडळींना १०,००० युरो शुल्क भरून कागदपत्रे मिळाली. पंधरा वर्षे भाषा बोलून झाल्यावर व्याकरण हाती आले.

आता मूळ प्रश्न. भाषा एक, दुभाषी विश्वासू. मग व्यवहार अडतो कोठे? मालकी आणि परवानगी यांविषयी प्रणालींच्या कल्पना वेगळ्या आहेत, त्यातून काही अडचणी येतात; त्यांचा विचार येथे करीत नाही. माझ्या मते सर्वांत खोल भेद आहे तो 'दोन नावे एकच केव्हा मानावीत' या प्रश्नाच्या उत्तरात. आणि हा प्रश्न यंत्रज्ञांचा नव्हे, आपला आहे. केनेथ पाइक यांनी १९५४ मध्ये जो भेद सांगितला — बाहेरून मोजता येणारा फरक एक, आणि व्यवस्थेच्या आत अर्थ बदलणारा फरक दुसरा — तोच येथे लागू पडतो. लिनक्सच्या दृष्टीने फाइलचे नाव म्हणजे बाइटांची माळ. एक बाइट निराळा की नाव निराळे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये (१९९३) रोमन लिपीची लहान-मोठी अक्षरे व्यवहारात एकच धरली जातात, परंतु एका अक्षराची दोन वेगळी सांकेतिक लेखने एक धरली जात नाहीत. अॅपलच्या एचएफएस प्लसने (१९९८) तिसराच मार्ग पत्करला : नाव लिहिले जाताच ते आपल्या ठरलेल्या, सुटे घटक केलेल्या रूपात बदलून ठेवावयाचे. म्हणजे एक लेखनिक पोथी अक्षरशः उतरतो, दुसरा काही भेद पाहतो व काही पाहत नाही, आणि तिसरा उतरताना शुद्धलेखन सुधारून घेतो.

रोमन लिपीच्या वाचकाला हे भेद क्वचितच बोचतात. देवनागरीतही हिंदीचे बरेचसे निभावते, त्याचे कारण मौजेचे आहे. युनिकोडमध्ये नुक्ता लागलेल्या अक्षरांची जोडलेली आणि सुटी अशी दोन प्रमाणित रूपे होऊ शकतात. परंतु 'क़'पासून 'य़'पर्यंतची आठ अक्षरे जोडलेल्या प्रमाणरूपातूनही वगळली आहेत, त्यामुळे ती दोन्हीकडे सुटीच राहतात. ज्यांची दोन प्रमाणरूपे खरोखर वेगळी होतात अशी अक्षरे देवनागरीत तीनच : ऩ, ऱ आणि ऴ. तिन्ही मुळात द्राविडी ध्वनींच्या लिप्यंतरासाठी संकेतात घेतलेली. आणि त्यांतील मधले अक्षर, ISCII ची परंपरा पुढे चालवताना, मराठीच्या एका अत्यंत घरगुती चिन्हाच्या वाट्याला आले. 'दुसऱ्या', 'गोऱ्हा', 'तऱ्हा' यांतील पापणीसारखा दिसणारा अर्धा र तो हाच.

हे चिन्ह केवळ वळणाचा प्रश्न असते तर या लेखाची गरज नव्हती. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोलगट भाग. 'आचार्यास' दक्षिणा देतात, 'आचाऱ्यास' स्वयंपाक सांगतात. आधीच्या अक्षरावर आघात येतो की नाही, हा जो उच्चारातील भेद त्याचे हे लेखनातील चिन्ह. वर्गात न्यूनतम युग्म शिकवताना आपण ज्या जोड्या फळ्यावर लिहितो त्यांतील या जोड्या आहेत.

'दऱ्या' हा शब्द यंत्रात तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो. पहिला प्रकार ऱ हे एकच संकेतचिन्ह घेऊन. मग शब्दात पाच चिन्हे होतात, यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट. दुसरा र आणि नुक्ता सुटे करून. सहा चिन्हे, १८ बाइट. तिसरा साधा र, हलन्त आणि त्यापुढे 'सांधा' दाखवणारे अदृश्य चिन्ह घालून. हीही सहा चिन्हे, १८ बाइट. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. पहिली दोन एकच आहेत असे युनिकोड सांगते. तिसरे लेखन जुन्या आवृत्तीशी मेळ राखण्यासाठी चालू ठेवले आहे, पण ते पहिल्या दोहोंशी समतुल्य आहे असे युनिकोड म्हणत नाही. आता लेखनिकांकडे पाहा. लिनक्स तिन्ही नावे वेगळी मानतो. एनटीएफएसही तसेच. एचएफएस प्लस पहिली दोन एक करतो, हे योग्यच. पण नावांची तुलना करताना तो आपल्या नेहमीच्या प्रकारात अदृश्य चिन्हे हिशेबातच घेत नाही. (या दुर्लक्षाचा गैरफायदा घेता येतो हे डिसेंबर २०१४ मध्ये 'गिट' या प्रणालीच्या संदर्भात उघडकीस आले, तेव्हा त्याची चर्चा सुरक्षेच्या अंगाने पुष्कळ झाली.) तिसऱ्या 'दऱ्या'तील अदृश्य चिन्ह वगळले तर काय उरते? 'दर्या'. म्हणजे ही व्यवस्था एकाच शब्दाची दोन लेखने वेगळी ठेवते आणि दोन वेगळे शब्द एक करते. नवशिक्या विद्यार्थ्याने स्वनिमांच्या विश्लेषणात अशी चूक केली तर आपण उत्तरपत्रिका परत देऊ.

याची किंमत काय पडते ते एका प्रसंगाने सांगतो. बोलींच्या ध्वनिमुद्रणांचे आणि त्यांच्या लिप्यंतरांचे एक समाईक भांडार मी काही काळ सांभाळत होतो. सर्व्हर लिनक्सवर होता. एका सहकाऱ्याच्या जुन्या मॅकच्या डिस्कवरून फाइली सर्व्हरवर आणल्या गेल्या त्या 'आरसिंक' या साधनाने. हेही साधन ट्रिजेल यांनीच पॉल मॅकेरास यांच्यासह १९९६ मध्ये केलेले. ते नावाचे बाइट जसेच्या तसे नेते. रूपांतर हवे तर तसे मुद्दाम सांगावे लागते, आणि ती सोय २००८ पासून त्यात आहे. आम्ही ते सांगितले नाही. दुसरीकडे त्याच मुलाखतींची तपासून दुरुस्त केलेली लिप्यंतरे विंडोजवरून सांबामार्फत त्याच फोल्डरात ठेवली गेली. ज्यांच्या नावात 'ऱ्या' होते त्या फाइली यादीत दोनदोनदा दिसू लागल्या, डोळ्यांना अगदी एकसारख्या. एका विद्यार्थ्याने, नीटनेटकेपणाच्या चांगल्या सवयीने, 'जुळ्या' फाइलींतील एकेक काढून टाकली. काही ठिकाणी कच्ची गेली, काही ठिकाणी दुरुस्त केलेली गेली. त्यांतील एका दुरुस्तीसाठी आम्ही निवेदक आजींच्या घरी दोनदा जाऊन एकेक उच्चार पुन्हा विचारून घेतला होता. त्या आता हयात नाहीत. ध्वनिमुद्रण आहे, पण त्यांनी 'असं नाही, असं' म्हणून जे सुधारले ते त्या फाइलीतच होते. चूक विद्यार्थ्याची होती असे मला तेव्हाही वाटले नाही. दोन नावांत भेद आहे हे यंत्राला माहीत होते आणि ते दाखवण्याचे कोणतेही साधन पडद्यावर नव्हते.

आणखी दोन गोष्टी, तुलनेने किरकोळ. विंडोजमध्ये फाइलच्या नावात अपूर्णविराम चालत नाही; लिनक्समध्ये तो खुशाल चालतो. मराठी टंकलेखनाच्या जुन्या सवयीने अनेकजण विसर्गाच्या जागी अपूर्णविरामच उमटवतात. तेव्हा लिनक्सवर कोणी 'दु:ख' या नावाने ठेवलेली फाइल विंडोजच्या यंत्राला सांबा एखाद्या निरर्थक अक्षरपुंजाच्या नावाने दाखवतो. विसर्गाचे खरे चिन्ह वापरले असते तर काहीच झाले नसते. दुसरी गोष्ट लांबीची. लिनक्सवरील ईएक्सटी ४ सारख्या व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे चिन्हे फक्त ८५. एनटीएफएसमध्ये तीच मर्यादा २५५ चिन्हांची. गाव, तालुका, निवेदकाचे वय आणि विषय एवढे सगळे नावात कोंबण्याची आपल्याकडील संशोधकांची खोड विंडोजवर खपून जाते आणि सर्व्हरवर नेताना अडते. येथे माझी सहानुभूती सर्व्हरला आहे.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. फाइलव्यवस्थेने नाव ही बाइटांची माळ मानावी व भाषेत नाक खुपसू नये, असे लिनक्सच्या बाजूचे अनेकजण आग्रहाने मांडतात. त्यांचे म्हणणे असे की, युनिकोड वाढत असते; कोणत्या वर्षीचा तक्ता फाइलव्यवस्थेत गोठवावयाचा? एचएफएस प्लसने गोठवला आणि तो जुना झाला. शिवाय लेखकाने दिलेले नाव न सांगता बदलणे हा आगाऊपणा आहे. यांतील दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पाठ सुधारून मूळ पाठ नाहीसा करणारा संपादक आपण कोठेही क्षम्य मानत नाही. परंतु त्यावरून नावांची तुलनाही बाइटांनीच करावी असे निष्पन्न होत नाही. दिलेले लेखन जसेच्या तसे जतन करावे आणि तुलना मात्र समतुल्यतेने करावी, हा तिसरा पर्याय उपलब्ध आहे. अॅपलनेच २०१७ मध्ये एचएफएस प्लसच्या जागी आणलेली एपीएफएस मॅकवर तसे करते; आणि २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.२ या आवृत्तीपासून ईएक्सटी ४ मध्येही, हव्या त्या फोल्डरपुरती, तशी सोय करता येते. चिकित्सक आवृत्तीची शिस्त — पाठ तसाच, निर्णय वेगळा — यंत्राला अंशतः उमगली, असे म्हणावयास हरकत नाही.

अंशतः म्हणण्याचे कारण असे की, ही समतुल्यता युनिकोडच्या यादीपुरती आहे, आणि ती यादी मराठीच्या लेखनव्यवहाराचा अभ्यास करून केलेली नाही. अदृश्य चिन्हाचा 'ऱ्या' तीत नाही. 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह २००८ मध्ये युनिकोडमध्ये आले. त्यापूर्वी तेच अक्षर अ आणि त्यावर चंद्र असे दोन चिन्हांनी लिहिले जात होते व अजूनही लिहिले जाते. ही जोडीही यादीत समतुल्य नाही. युनिकोडने स्थैर्याची हमी दिलेली असल्याने अशा जुन्या चिन्हांची समतुल्यता आता नव्याने जाहीर होणे नाही. मग हे काम कोणाचे? मराठीत कोणती लेखने एकाच शब्दाची समजावयाची व कोणती नाही, याचा सोपपत्तिक तक्ता भाषाशास्त्राच्या विभागांनीच करावयास हवा, आणि तो करताना प्रत्येक जोडी 'दर्या–दऱ्या'च्या कसोटीवर घासून पाहावयास हवी. भांडारांच्या नावांची तपासणी त्या तक्त्यावरून करणारा लहानसा प्रोग्राम लिहिणे हे एखाद्या विद्यार्थ्याचे एका सत्राचे काम आहे.

आमच्या भांडारासाठी असा एक प्रोग्राम आम्ही चालवून पाहिला. सुट्या नुक्त्याची नावे जोडलेल्या रूपात आणली, विसर्गाच्या जागचे अपूर्णविराम काढले. अदृश्य चिन्हाची नावे मात्र प्रोग्रामवर सोपवली नाहीत. ती एकेक उघडून, ध्वनिमुद्रण ऐकून मगच बदलावयाची असे ठरले आहे. त्यांतील एका फाइलीत निवेदक समुद्राविषयी बोलत आहे की डोंगराविषयी, हे पहिल्या काही मिनिटांच्या मुद्रणावरून अद्याप ठरवता आलेले नाही.